कुणाच्या ताटात काय

फोन आला तेव्हा मी सांगलीत गिरणीपाशी हळद दळून घेत उभी होते. भाच्याचा, नितीनचा फोन. "आत्या, आई गेली," तो म्हणाला. सकाळी भाजी चिरता चिरता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. कराडला पोचेपर्यंत मी एसटीत रडले नाही. मला राग आला होता. माझ्याआधी जायचं तिला काही कारण नव्हतं.

सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर तिनं कराडात खानावळ काढली. इंजिनिअरिंगची पोरं, बँकेतले बदलीवाले, दवाखान्यात पेशंटपाशी बसलेले नातेवाईक असे तिचे जेवणारे. आमच्याकडं मुलगी द्यायची म्हटली की हुशार माणसं मुलाच्या घरी जायच्या आधी तो जेवतो ती खानावळ गाठतात. काय खातो, रविवारी कोणत्या अवस्थेत येतो, काही पथ्यपाणी आहे का, खानावळवालीला सगळं ठाऊक असतं. वहिनीकडंही असे पाहुणे यायचे. त्यांना ती पोटभर जेवू घालायची आणि विचारलं की म्हणायची, "आवं, पोरालाच इचारा की. मी वाढणारी हाय, साक्षीदार न्हाई." एकदा तर पाहुणे माझ्या सासरचेच होते. मी किती डोळे मोठे केले, पण बाई ढिम्म. त्यानंतर महिनाभर मी तिच्याशी धड बोलले नव्हते.

मध्यंतरी नितीननं खानावळ मोबाइलवर आणली. कुठल्याशा कंपनीचं ॲप घेतलं, डबे वाढले, वहिनीही खूश होती. त्याच सुमारास तिला ताप भरला. कामाच्या बायकांचा स्वयंपाक चुकू नये म्हणून तिनं अंथरुणावरूनच नितीनला एकेकाचं पथ्य सांगितलं... कुणाला मीठ कमी, कुणाला भात नको, कुणाला गोड अजिबात चालत नाही. त्यानं ते नावानिशी ॲपमध्ये भरलं. हे आपल्या स्वयंपाकघरातच राहणार, असं दोघंही धरून चालले होते.

मग एक दिवस शाळेतल्या बाई दारात आल्या. रोज डबा न्यायच्या त्या. मी तेव्हा तिथंच होते. त्यांना मधुमेहाच्या औषधांचे आणि विम्याचे फोन यायला लागले होते. एक तर शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर. "काकू, मी घरीसुद्धा बोलले नव्हते," त्या म्हणाल्या. "फक्त तुम्हाला माहीत होतं." वहिनीनं त्यांना आत बसवलं आणि नितीनला हाक मारली.

नितीननं कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा अगदी गोड बोलला. ॲप घेताना तुम्ही 'मान्य आहे' दाबलंत, त्यातच आमच्या सोबतच्या कंपन्यांना माहिती द्यायची परवानगी आली, म्हणाला.

"परवानगी दिली कुणी?" वहिनीनं विचारलं.

"मीच, आई."

"पथ्य तुझं हाय व्हय रं?"

ॲप बंद करायला नितीन तयार झाला. निम्म्या डब्यांची मागणी तिथूनच येत होती, तरीही. पण वहिनीला प्रत्येक जेवणाऱ्याकडं जाऊन सांगायचं होतं, तुमचं पथ्य आमच्याकडून बाहेर गेलं म्हणून. "आई, कुणाला पत्तासुद्धा नाही. खानावळ बसेल आपली," तो कळवळून म्हणाला. मीही त्याचीच री ओढली. "वैनी, आपल्या हातानं आपली बदनामी कशाला?"

ती चप्पल घालत होती. "वन्सं, ज्याचं गेलंय त्याला तरी कळाय नगं?"

गेली, आणि एकेकाला सांगून आली. काही हसले, म्हणाले, काकू, आजकाल सगळंच जातंय. काही चिडले. बँकेतल्यांनी डबे बंद केले. शाळेतल्या बाई पुन्हा आल्याच नाहीत आणि ते तिला फार लागलं. कामाच्या बायका कमी कराव्या लागल्या, वहिनी पुन्हा स्वतः भाकऱ्या थापू लागली. मी ॲपला नावं ठेवणार नाही. डबे वेळेवर पोचायचे, अन्न वाया जायचं नाही. पण माणूस विश्वासानं आपल्याला पोटातलं सांगतो, ते दुसऱ्याला द्यायला आपलं असतं का? भाकऱ्या थापता थापता वहिनी हेच विचारायची.

दहाव्याला आम्ही संगमावर जमलो. पिंडाजवळ तिच्या आवडीचं काहीतरी ठेवायचं होतं. नितीन माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. तिला काय आवडायचं... आम्हाला कुणालाच सांगता येईना! एक जुना जेवणारा म्हणाला, "भरीत. मला म्हणाल्या होत्या, मलाबी ह्येच आवडतंय." दुसऱ्याला तिनं तेच शेंगदाण्याच्या चटणीबद्दल सांगितलं होतं, तिसऱ्याला दहीभाताबद्दल. ज्याला जे आवडे ते तिला आवडे! शेवटी सगळंच पानावर वाढलं. शाळेतल्या बाई आल्या होत्या. मागं उभ्या होत्या.

कावळा फार वेळ लावून आला. सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले होते. मी मिटले नव्हते.

"आत्या, पहिल्यांदा कशाला शिवला गं?" नितीननं हळूच विचारलं.

मी अगदी नीट पाहिलं होतं. "शिवला," मी म्हणाले. "एवढं बास." त्याला सांगितलं नाही, इथंही लिहिणार नाही.