मंडळाच्या ताटल्या विद्यापीठात

लखनौला आम्ही विकास नगरात राहत होतो, तेव्हा मराठी मंडळाच्या स्टीलच्या ताटल्या आमच्याकडे असायच्या. बाबा रेल्वेत इंजिनिअर. घर ऐसपैस म्हणून ही जबाबदारी आपसूकच आईकडे आली होती. गणपतीत सैन्यातली, रेल्वेतली मराठी कुटुंबं जमायची, महाप्रसाद व्हायचा आणि धुतलेल्या ताटल्या पुन्हा आमच्या दिवाणात जाऊन बसायच्या. एरवी वर्षभर त्यांना कोणी हात लावत नसे.

मी तेव्हा विद्यापीठात एम.एस्सी. करत होते. कॅम्पस पर्यावरणाला धरून कसा चालवावा, यावर विभागाने आमच्याकडून सूचना मागवल्या. छतावर सोलर, पावसाचं पाणी, सायकली, पुष्कळ बोलणं झालं. मग समोसे आले, ते थर्माकोलच्या प्लेटांमधून. शहराच्या कडेच्या चिनहटहून येणारी माझी मैत्रीण हातातली प्लेट बघून हसतच सुटली. सोलरला मंजुरी लागेल, हे तर आपण उद्यापासून बंद करू शकतो, असं ती म्हणाली. मी बोलून गेले की आमच्या घरी ताटल्या आहेत.

आईने साफ नकार दिला. रविवारी मैत्रीण स्वतः घरी आली. आई मटार सोलत होती; तीही शेजारी बसून सोलायला लागली. बराच वेळ मटारच्या भावाबद्दल बोलणं चाललं होतं. मग आईच म्हणाली, "मंडळ की चीज है बेटा, मेरी नहीं. एखादी गुम झाली तर मैं सबको क्या बताऊँ?"

"तो आप साथ चलिए न, आंटी. आपके सामने धुलेंगी."

आईने मंडळातल्या बायकांना फोन केले. प्रसादाच्या ताटल्या म्हणून मांसाहार नको, एवढीच त्यांची अट होती. आमचा बेत पुरी-आलूचा असल्यामुळे प्रश्न मिटला.

विभागाच्या वार्षिक कार्यक्रमाला ई-रिक्षात ताटल्यांची पोती घेऊन आम्ही निघालो. निशातगंजच्या गर्दीत दर धक्क्याला पोती खणखणत आणि आई त्यांना तान्ह्या मुलासारखी धरून बसलेली. जेवणं झाल्यावर मुलं सवयीने ताटल्या खुर्चीखाली सरकवून उठली. आई मुकाट्याने गोळा करायला वाकली, तर मैत्रिणीने तिचा हात धरला आणि एकेकाला नाव घेऊन मागे बोलावलं. तेवढ्यात आमचे विभागप्रमुख स्वतःची ताटली घेऊन मागच्या नळावर गेले. मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. खरकटं वेगळं काढलं आणि ते मैत्रिणीने बागेतल्या खताच्या खड्ड्यात घालायला लावलं.

शेवटी एक ताटली कमी भरली. आईचा चेहरा उतरला. शोधता शोधता ती प्रयोगशाळेच्या खिडकीत सापडली, तिच्यात उशिरा येणाऱ्या कोणासाठी तरी पुऱ्या झाकून ठेवल्या होत्या. आई इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली.

पुढे प्रत्येक कार्यक्रमाला बोलावणं यायचं. "आंटी कब आ रही हैं?" असं मुलं मला विचारायची. आई आदल्या दिवसापासून तयारीत असे. वर्षभराने विभागाने स्वतःच्या ताटल्या घेतल्या. आम्ही आनंदाने ती बातमी घरी सांगितली. आई "अच्छा झालं" म्हणाली आणि आत गेली. तिला काय वाटलं असेल, हे माझ्या लक्षात आलं नाही, मैत्रिणीच्या आलं. पुढच्या कार्यक्रमाच्या सकाळी ती आईला न्यायला थेट घरी हजर झाली.

आई कोशाची रेशमी साडी नेसून आली, रिकाम्या हाताने. पाहुण्यांच्या रांगेत बसून जेवली. कोणी तिची ताटली उचलायला आलं, तर तिने दिली नाही; पदर खोचून नळावरच्या रांगेत मुलांच्या मागे उभी राहिली. मुलं तिला पुढे जायला सांगत होती. ती मात्र आपला नंबर येईपर्यंत त्यांच्याशी गप्पा मारत राहिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबांची नागपूरला बदली झाली. ताटल्या मंडळातल्या दुसऱ्या घरी गेल्या. सोलर बसलं की नाही, मला ठाऊक नाही. लखनौची आठवण निघाली की आई बाजारांबद्दल फारसं बोलत नाही. त्या नळापाशी उभ्या राहून मारलेल्या गप्पाच सांगते, आणि त्या हिंदीतच सांगते.