संगणकाने बसवलेला दात

मला दाताच्या डॉक्टरने फसवलं. संगणकाने नव्हे, डॉक्टरने. नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि काशीत मंगळागौरीच्या देवळाजवळच्या आमच्या या मराठी डॉक्टरने दवाखान्यात नवा कोरा संगणक आणला होता.

माझा वरचा पुढचा दात पडला होता. हाडात खिळा रोवून त्यावर नवा बसवायचा होता. खिळ्याचा कोन स्कॅन पाहून संगणक ठरवणार, मग दातांवर टोपीसारखा बसणारा साचा तयार होणार आणि त्याच्या भोकातून ड्रिल जाणार.

"काका, केसभर फरक पडणार नाही," तो म्हणाला.

मी खांद्यावर गठ्ठा घेऊन साड्या विकत विकत चौकात स्वतःची गादी मांडलेला माणूस. माझं भांडवल जिभेवर. म्हणून विचारलं, "बोलायला त्रास?"

"आधीपेक्षा साफ बोलाल."

साच्यासाठी दातांचं माप घ्यायचं होतं. "तोंडात काही नाही ना?" डॉक्टरने हनुवटी वर करून विचारलं, कारण त्याच्या गालात पान होतं.

"काही नाही," मीही हनुवटी वर करून म्हणालो. काशीत पानाला कोण 'काही' म्हणतं? त्याची नजर पडद्यावरच्या माझ्या जबड्यावर होती, खऱ्या जबड्यात त्याने डोकावलंच नाही. माप घ्यायच्या मसाल्याचा ट्रे दातांवर दाबला आणि मापात माझा विडाही आला.

पुढे खिळा रोवायच्या दिवशी साचा तोंडात डुगडुगायला लागला. मी हाताने खूण केली.

"हलू नका काका, संगणकाने तपासलंय."

खिळा तिरका गेला. दात तिरका बसला. आता आवाज चढवला की शब्दाआधी शिट्टी वाजते. भाव पाडायला मी चिडतो, तर समोरचा व्यापारी लोडाला टेकून म्हणतो, "सेठजी, थोड़ा और गुस्सा कीजिए." पूर्वी माझ्या आवाजाने माणसं भाव सोडायची. आता घरातही शिट्टीच.

"अहो, भांडायचं तर बाहेर भांडा," बायको म्हणते. "शिट्ट्या मोजून मी गॅस बंद केला. भात कच्चा राहिला."

डॉक्टरला जाब विचारायला गेलो.

"संगणक बरोबर होता काका. विडा तुमचा होता."

"आणि डोळे कुणाचे होते?"

त्यावर त्याने तोंडातलं पान दाखवून बोलता येत नाही अशी खूण केली. आजही रस्त्यात भेटला की तीच खूण करतो. तर डॉक्टर, ते पान थुंका, माझ्या गादीवर या आणि चार व्यापाऱ्यांसमोर सांगा, माझा दात तिरका कुणी बसवला?