मामांनी पारखलेला मिक्सर

मला लाल मिक्सर पाहिजे होता. आधीच सांगून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको. मी घरी वाढदिवसाचे केक करून देते. अंडी-साखर हातानं फेटून फेटून उजवा खांदा असा धरला, की वेणी घालतानाही जीव जायचा. म्हणून भांडं खाली आणि मोटार वर असलेला तो उभा मिक्सर घ्यायचं ठरलं.

सासरे म्हणाले, "मी येतो बघायला." गुडघे गेल्यावर बोरी गावातली बैलजोडी विकून मामा आमच्याकडे परभणीला आले. जन्मभर बैल पारखलेला माणूस, आता कुणी त्यांना भाजीसुद्धा निवडायला सांगत नव्हतं. मी हो म्हटलं. कुठून अवदसा आठवली.

निघताना म्हणाले, "बाई, कणीक मळून घे. घट्ट."

"कशाला मामा?"

"चाकं बांधलेली गाडी वढवल्याबिगर बैल घेतेत व्हय?"

झालं. कणकेचा डबा मांडीवर घेऊन ऑटोत बसले.

दुकानात लाल मिक्सर मांडलेला, देखणा. मामांनी त्याच्याभोवती फेरी मारली, खालचे रबरी पाय चाचपले, डोकं वर उचलून आत पाहिलं. दात बघत होते, दुसरं काय. दुकानदार "काका, काका" म्हणेपर्यंत सगळा गोळा भांड्यात टाकून बटण दाबलं. लाल मिक्सर थरथरला आणि चक्क काउंटरवरून चालायला लागला. कडेवरून पडणार तोच मामांनी धरला.

"पळकुटा हाय."

निळा दोन फेरे फिरला, गुरगुरला आणि थांबला. "बसका. वझं दिसलं की बसतंय."

उरला एक मळकट पांढरा, सरकारी कपाटासारखा बोजड. त्यानं कणीक मळली आणि हूं की चूं केलं नाही. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आंग बी तापलं न्हाई. ह्योच."

"मामा, पण लाल..."

"रंग काय चाटायचाय? खांदा कुणाचा गेलाय, तुझा का रंगाचा?"

मला असा राग आला. तेवढ्यात मामांनी खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकून हात पुढे केला. बैलबाजारात भाव टॉवेलाखाली बोटं धरून ठरतो. दुकानदाराला काय माहीत, त्यानं आत हात घालून शेकहँड केला.

"पाची बोटं धरली," मामा माझ्या कानात म्हणाले. "लय सांगायलाय."

पांढरा धोंडा घरी आला. त्याच्यात केक करायचे, पण कौतुक करायचं नाही, असं मी ठरवलं. केक मात्र मेले कापसासारखे व्हायला लागले.

मग पोळ्याची आदली संध्याकाळ आली. त्या दिवशी गावाकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. मामांनी वाटीत तूप-हळद मागून घेतली. थोड्या वेळानं पाहते तर ओट्यापाशी उभे राहून मिक्सरच्या मानेला चोळत होते.

"आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," मिक्सरला म्हणाले.

मला हसू आवरेना. "मामा, मोटारीत तूप जाईल. उद्या केकची ऑर्डर आहे."

"उद्या पोळा हाय. उद्या त्याला जुपायचं न्हाई." मग वाटी माझ्यापुढं सरकवली. "तुलाबी न्हाई. निम्मं ठिवलंय, खांद्याला लाव."

मी वाटी जवळ ओढली. मी गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, उद्या केक मिळणार नाही, आम्हाला जेवणाचं आवतन आहे.