कोल्ड रूमच्या रजिस्टरातले आठ आकडे

पाचवी तक्रार आली तेव्हा तो ई-मेल मी दोनदा वाचला. चार दिवस झाले, एकही बुडबुडा नाही.

पांढरकवड्याजवळ हायवेला लागून असलेल्या एका छोट्या युनिटमध्ये मी क्वालिटी इन्चार्ज होतो. घरी बिअर करून पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी आम्ही किट पॅक करायचो. सगळा माल परदेशी जायचा. किटमध्ये माल्ट एक्स्ट्रॅक्टचा, म्हणजे जवाच्या घट्ट पाकाचा डबा आणि यीस्टची पुडी. यीस्ट म्हणजे कोरडे करून झोपवलेले जिवंत जंतू. पाण्यात पडले की जागे होतात, साखर खातात, वायू सोडतात. तेच बुडबुडे.

अशा तक्रारींत बहुतेक वेळा किटचा दोष नसतो. बिअर आंबवायच्या डब्याचं झाकण सैल असलं की वायू बाजूने निघून जातो आणि बुडबुडे दिसत नाहीत. म्हणून मी हायड्रोमीटर टाकून पाहायला सांगायचो. ती पाकात तरंगणारी काचेची नळी. साखर कमी झाली की नळी खाली बुडते. पहिल्या चौघांना हेच कळवलं होतं. चौघांचंही उत्तर आलं, नळी जागची हलली नाही. पाचव्याची पुडी त्यांच्याच लॉटची निघाली.

प्रत्येक लॉटच्या काही पुड्या आम्ही राखून ठेवायचो. मी दोन स्टीलचे ग्लास कोमट साखरपाण्याने भरले. एकात नवीन लॉटची पुडी टाकली, दुसऱ्यात त्या लॉटची. वीस मिनिटांत पहिल्यावर फेस आला. दुसऱ्याच्या तळाशी नुसता गाळ बसला.

यीस्ट मेलं होतं. पुडीचं सील कच्चं असतं, तर ओल लागून दाणे एकमेकांना चिकटले असते. मी आणखी एक पुडी फोडून तळहातावर ओतली. दाणे वाळूसारखे सुटे होते. म्हणजे सील पक्कं होतं आणि यीस्ट उष्णतेने मेलं होतं. ती उष्णता कुठली, हे मला चांगलं माहीत होतं.

मे महिन्यात लग्नसराईमुळे युनिट आठ दिवस बंद होतं. यीस्ट ठेवायच्या कोल्ड रूमचं तापमान रोज पाहून रजिस्टरात लिहिणं माझं काम, सुट्टीतसुद्धा. मला आर्णीला पुतणीच्या लग्नाला जायचं होतं. जाण्याआधीच मी आठही दिवसांचे आकडे भरून टाकले. चार डिग्री, आठ वेळा. परत आलो तर मेन स्विच पडलेला. पत्र्याच्या शेडमधली ती खोली; आतलं थर्मामीटर एकेचाळीस दाखवत होतं. मी स्विच वर केला आणि कोणाला काही बोललो नाही.

त्याच सकाळी सीलिंग मशीनवरच्या वच्छलाबाई यीस्टची खोकी काढायला गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "साहेब, हात लावून पाहा बरं. चुलीपाशी ठेवल्यावाणी लागून राह्यले."

"बाहेर काढल्यावर थंड कशी राहतील? तुम्ही पॅकिंग करा," मी म्हणालो. त्यांनी पॅकिंग केलं.

आमचे किट घेणाऱ्या परदेशी कंपनीने तक्रारींचं कारण मागितलं. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून एवढंच विचारलं, "सील की कोल्ड रूम?"

रजिस्टर त्यांच्या टेबलावर उघडंच होतं. मी म्हणालो, "सील."

त्याच आठवड्यात वच्छलाबाईंना कामावरून काढलं. रिपोर्टवर सही माझी होती.

मी रिटायर झालो. बायको गेल्यावर घर रिकामं झालं आणि ही गोष्ट रोज समोर येऊन बसू लागली. शेवटी यंदा त्यांच्या गावी गेलो. त्या अंगणात सुपात तूर पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मले काय सांगता, साहेब? मले तं त्याच दिशी मालूम होतं."

"मग बोलल्या का नाही?"

"बोलली नं. तुमालेच तं बोलली."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू द्या. त्या पॅकिंगच्या टेबलावरच्या बायांले जाऊन सांगा. अजून म्हणतात, वच्छलाचा हात खराब."

दुसऱ्या दिवशी युनिटमध्ये गेलो. जेवणाच्या सुट्टीत मालकांसमोर, डबे उघडून बसलेल्या सात बायकांना सगळं सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "इतके वर्षं कुठी होता, साहेब?"

मालकांनी वच्छलाबाईंना परत बोलावणं धाडलं. त्यांनी उलट निरोप पाठवला, आता मले सीलची रेघ दिसत नाही.

मी मालकांकडे ते रजिस्टर मागितलं. खोटे आकडे लाल शाईने खोडून खाली सही करायची होती. जुनी रजिस्टरं केव्हाच रद्दीत गेली, असं कळलं. म्हणून इथे लिहितो आहे. ते आठही आकडे खोटे होते. वच्छलाबाईंचं एकही सील कच्चं नव्हतं.

या कामात नवीन येणाऱ्यांना माझ्याकडून सांगण्यासारखं एवढंच: आकडा लिहिण्याआधी दार उघडून थर्मामीटर पाहावं. आणि खोकं गरम आहे असं कोणी सांगितलं, तर हात लावून पाहावा.