शीट नंबर सात

नोकरीत मी कागदावर पुलिया, म्हणजे छोटे पूल, काढल्या, नाल्या काढल्या, चौक काढले आणि एकदा एका बड्या बंगल्यातल्या कुत्र्याचं घरही काढलं. पण माझ्या सहीनं मंजुरीला गेलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे आकाशगंगा. आपलीच, सूर्य-चंद्रासकट.

मी सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होतो. छत्तीसगढ मध्य प्रदेशातून वेगळं निघालं आणि रायपूर नुकतंच त्याची राजधानी झालं होतं. भोपाळहून ट्रक भरभरून फायलींची कपाटं आली, किल्ल्या मागून आल्या आणि काही आल्याच नाहीत. नवी राजधानी म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे चौक काढत होते. ऑफिसात न संपलेले चौक मी ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घरी घेऊन यायचो.

घरातल्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझी लेक बसायची. ती दहावीत होती आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आकाशगंगा काढत होती. माझाच ट्रेसिंग पेपर, माझाच शाईचा पेन, आणि एकेक तारा म्हणजे एकेक ठिपका. तीन आठवडे ती नुसते ठिपके देत होती. मधोमध ठिपक्यांचा एक लांबट, जाड दांडा, आणि दांड्याच्या दोन टोकांपासून निघून वळत वळत बाहेर गेलेले हात.

"मंधात हा दांडा काहून?" मी विचारलं. "मी तं गोल पाह्यली होती पुस्तकात."

"पुरानी किताब होगी, बाबा. हमारी वाली में डंडा है।"

माझी मराठी तिला अक्षरन् अक्षर कळायची, पण उत्तर हिंदीतच यायचं. आमच्याकडची पोरं तशीच. मी त्यावर चिडायचो आणि चिडताना मीही हिंदीत जायचो.

रविवारी दुपारी चित्र पूर्ण झालं. ती जेवायला उठली आणि मी सहज पाहायला गेलो. खाली उजव्या हाताचा कोपरा कोरा होता. वीस वर्षं ड्राफ्ट्समनगिरी केलेल्या माणसाला तो कोपरा कोरा पाहवत नाही. मी चौकट आखली. वर उत्तर दिशेचा बाण काढला. स्केल लिहिलं, एकास पाचशे. त्या हिशेबानं आपली आकाशगंगा फार तर अडीचशे मीटर भरत होती. मग 'रेखाटन' या रकान्यात माझी सही केली. हे सगळं करताना डोकं कुठे होतं ते विचारू नका, हात चालत होता. नंतर टेबलावरच्या सगळ्या शीट एकत्र गुंडाळल्या आणि सोमवारी ऑफिसात देऊन टाकल्या. चौकाच्या सहा होत्या, दिल्या सात.

संध्याकाळी लेकीनं सगळं घर उलटंपालटं केलं. "बाबा, मेरी आकाशगंगा कहाँ है?" प्रदर्शन शनिवारी होतं.

मंगळवारी मी फायलीच्या बाबूसमोर उभा राहिलो. हा छत्तीसगढी माणूस कशालाही 'हव' म्हणायचा, म्हणजे हो. मी म्हटलं, एक कागद चुकून गेला आहे. म्हणाला, हव. मी म्हटलं, तेवढा काढून द्या. म्हणाला, हव, पण त्यावर पान नंबर पडला, शिक्का बसला. नंबर पडलेला कागद फायलीतून निघत नाही. तुम्ही लेखी द्या की हा घरचा कागद आहे आणि त्यावर सरकारी सही माझी आहे, मग कारणे दाखवा नोटीस निघेल, तिचं उत्तर आलं की बघू. मी म्हटलं, राहू द्या. तो म्हणाला, हव.

मी भित्रा माणूस आहे. आधीही होतो, तेव्हा ते सिद्ध झालं एवढंच.

तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. साहेब अमरावतीकडचे, माझ्याशी आपल्याच बोलीत बोलायचे. शीट नंबर सात त्यांच्या टेबलावर चारी कोपऱ्यांना पेपरवेट ठेवून पसरलेली.

"या सहा शीट तं नेहमीच्याच हायेत," ते म्हणाले. "पण हा चौक वेगळा दिसून राहिला. हे ठिपके काय हायेत? झाडं?"

मी काय सांगायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "हो साहेब. झाडं."

"इतके झाडं?"

"राजधानी हाय ना साहेब."

त्यांना ते पटलं. मग त्यांनी लाल पेनानं तीन आक्षेप काढले. चौकाच्या मधोमध आडवा दांडा ठेवण्याचं प्रयोजन काय? रस्ते मध्यातून न निघता दांड्याच्या टोकांपासून का निघतात? दांड्याच्या कडेनं दोन बारीक पट्ट्या कोऱ्या का सोडल्या? उत्तरं गुरुवारपर्यंत लेखी हवी होती.

घरी येऊन मी सगळं कबूल केलं, नोटिशीच्या भीतीसकट. मला वाटलं लेक रडेल. मग तिनं आक्षेपांचा कागद ओढून घेतला, वाचला आणि म्हणाली, "सवाल अच्छे हैं।" शाळेत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. राग बाजूला ठेवून ती सांगायला बसली आणि मी लिहून घेऊ लागलो.

दांड्यातले तारे गोल फिरत नाहीत, लांबट वाटेनं येरझाऱ्या घालतात. दांडा फिरता फिरता बाहेरचा वायू मध्याकडे ओढून आणतो आणि तिथे नवे तारे जन्मतात. मी फायलीत लिहिलं: 'दांड्यामुळे बाहेरील आवक मध्यभागी पोचते व तेथे नवीन वस्ती होते.' दांड्याच्या टोकांशी ताऱ्यांची गर्दी होते, हात तिथूनच सुटतात. तेही लिहिलं. कोऱ्या पट्ट्या म्हणजे धूळ.

"अन् हे हात? ते तरी पक्के हायेत ना?"

"नहीं बाबा. हाथ तो ट्रैफिक जाम है। तारे आते हैं, धीमे पड़ते हैं, निकल जाते हैं। जाम वहीं रहता है।" मी तेही उत्तरांत लिहून टाकलं.

गुरुवारी साहेबांनी उत्तरं मोठ्यानं वाचली. धुळीपाशी मान डोलावली. "बरोबर. उरल्याच्या कारखान्यांकडचे ट्रक." जामपाशी आले तेव्हा चष्माच काढला. "इतक्या वर्षांत कोणी खरं लिहून देल्लं नोतं. गाड्या निघून जातात, जाम तिथंच राह्यते!" आणि समासात लिहिलं, 'उत्तम.'

मूळ कागद मिळण्याची आशा संपली. शुक्रवारी मी चोरून त्याची अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशाची नक्कल, काढली. निळसर कागदावर माझी आकाशगंगा, छे, तिची आकाशगंगा, शिक्क्यासकट उमटली. एका हातावर साहेबांनी 'वन विभागास विचारावे' असं लिहिलं होतं, तेही आलं. लेकीनं प्रिंट गुंडाळून दप्तराशेजारी ठेवली.

नव्या राजधानीत साहेब कमी आणि उद्घाटनं फार, त्यामुळे दर साहेबाला दर शनिवारी कुठेतरी पाहुणा व्हावंच लागायचं. शाळेच्या प्रदर्शनाला पाहुणे आणि परीक्षक म्हणून कोण आलं असेल? मी मागच्या रांगेत होतो. आमच्याच साहेबांना दारात पाहिलं आणि भिंतीकडे सरकलो.

ते लेकीच्या टेबलापाशी थांबले. वाकून पाहिलं. "ही तं आपली शीट नंबर सात!" मग कोपऱ्यातली सही, मग मी, मग ती. "कोणं काढलं हे, बेटा?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. शाळा, परीक्षक, तीन आठवड्यांचे ठिपके, आणि मी भिंत बघत होतो. तेव्हा ती बोलली. हिंदीत नाही.

"माझ्या बाबानं काढलं," ती म्हणाली. "मी फक्त आणलं."

अशी स्वच्छ मराठी तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली, आणि ती खोटं बोलण्यासाठी होती, माझ्यासाठी होती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. पुढे कसा गेलो ते आठवत नाही.

"नाई साहेब," मी म्हणालो. "माझा फक्त कोपरा हाय. बाकी सारं पोरीचं."

"अन् ते उत्तरं?"

"तिचेच."

"अन् झाडं?"

"तारे हायेत साहेब."

साहेब पुन्हा कागदावर वाकले. "तरीच म्हटलं," ते म्हणाले, "तुमचं लिहिलेलं मले समजलं कसं." मग खिशातून तोच लाल पेन काढला, प्रिंटवरची माझी सही खोडली आणि पेन लेकीच्या हातात दिला. तिनं शाळेच्या वहीवर करायची तशी, पूर्ण नावानिशी सही केली. जाता जाता उत्तर दिशेच्या बाणावरही काट मारली. आकाशगंगेत उत्तर नसतं म्हणाली, हिंदीत.

नोटीस मात्र आलीच, सोमवारी. साहेबांचाही इलाज नव्हता, नंबर पडलेला कागद होता. लेक लगेच पेन घेऊन बसली. "बोलो बाबा, क्या सवाल है?"

मी तिच्या हातातून कागद घेतला. म्हटलं, "याचं उत्तर मी लिहितो."