दोघांची बैठक

शेटलंड बेटांच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रत्येक घराची खडकात मासे धरायची एक बैठक असते. शेत वाटलं जातं, मेंढ्या विकल्या जातात, बैठक तेवढी घराची राहते. एर्टीच्या घराची बैठक एका काळ्या कपारीत होती. दोन माणसं जेमतेम मावतील एवढी जागा, आणि शेजारी दगडात कोरलेला वाटीएवढा खळगा.

लग्न झाल्यापासून त्या जागी एर्टी गळाची काठी धरायचा आणि त्याची बायको ओस्ला चारा चावायची. खडकाला चिकटलेले टोपीसारखे शिंपले खरवडायचे, अर्धवट उकडायचे, गर तोंडात घालून बारीक चावायचा आणि पाण्यावर थुंकायचा. चोथ्याचं तेल पसरलं की पाण्यावरची सुरकुती जाई, आणि खालून पिल्टक वर येत, हिरवट पाठीचे हातभर मासे. खळग्यात दगडाने ठेचूनही चारा होतो, पण तो जड. सरळ बुडतो, आणि मासेही त्याच्यामागे बुडतात. ओस्लाचं तोंड भरलेलं असे, एर्टीचं लक्ष दोरावर. त्यांच्या संसारातला निम्मा मुकेपणा त्या कपारीत गेला, आणि एर्टीला तो कधी मुकेपणा वाटला नाही.

हिवाळ्यात ओस्ला छातीच्या दुखण्याने गेली. वसंतात एर्टी एकटाच जाऊन बसला. स्वतःच चावला, स्वतःच थुंकला, आणि चोथ्याबरोबर त्याची कवळीही समुद्रात गेली.

शेजारच्या बैठकीवरचा रॅस्मी हे गावभर सांगत सुटला. "आता पिल्टक दात लावून फिरतात! सांभाळा रे, बोटं चावतील!"

एर्टीही हसला होता. पण ती गोष्ट लर्विक शहरात पोचली, आणि शरद लागताच त्याची मुलगी सिनी दारात उभी राहिली.

"बाबा, खायला काय असतं तुम्हाला?"

"बटाटे."

"आणि?"

"आणखी बटाटे."

"मस्करी पुरे. माझ्याकडे खोली रिकामी आहे. चला."

"मासे मिळतात तोवर मी हलायचा नाही."

"मिळतात कुठे?" सिनीने छपराकडे बोट दाखवलं. मासे वाळत घालायची दोरी मोकळीच होती. "संध्याकाळी जाऊ आपण. पिल्टक आले तर राहा. मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही आले तर सामान बांधायचं."

"ठरलं," एर्टी म्हणाला. आणि लगेच त्याला भीती वाटली.

ऊन उतरल्यावर ते बैठकीवर गेले. सिनी आईच्या जागी बसली, पण पाहुणीसारखी, घागरा गोळा करून. एर्टीने खळग्यात शिंपले ठेचले, ओंजळीने पाण्यात टाकले, काठी पुढे केली. चारा पांढुरका होत खाली गेला. पाणी तसंच काळं, खडबडीत राहिलं. त्याने पुन्हा ठेचले. बोटं सोलली. समुद्र आत येत होता, बाहेर जात होता, काही देत नव्हता.

"काय रे एर्टी," पलीकडून रॅस्मी ओरडला, "पिल्टकांना जेवायला बोलावतोस की दगड मारतोस?"

"तू आपलं तोंड मीट!"

"माझं मिटतं. तुझं मिटलं की गाल आत जातात!"

एर्टी हसला नाही. त्याने सोललेल्या बोटांनी आणखी एक शिंपला ठेचायला घेतला. सिनीने ते पाहिलं. तिने बादलीतले शिंपले उचलले, तोंडात कोंबले आणि चावू लागली. तिचं तोंड वाकडं झालं. मग मान पुढे काढून ती थुंकली, आईसारखीच, जरा डावीकडे, वाऱ्याच्या बाजूला.

पाणी गुळगुळीत झालं.

पिल्टक आले. काठी वाकली, पुन्हा वाकली. एर्टी मासे मागे फेकत होता, सिनी चावत होती, थुंकत होती, आणि कुणी बोलत नव्हतं. थोडा वेळ एर्टीने शेजारी पाहिलं नाही. मुद्दामच.

टोपली भरल्यावर सिनीने बाहीने तोंड पुसलं. डोळे पाणावले होते तिचे, पण ती हसत होती. "जिंकलात, बाबा. राहा इथेच."

म्हणजे तो जिंकावा म्हणूनच तिने चावलं होतं. एर्टी तिच्या हनुवटीला चिकटलेल्या चोथ्याकडे पाहत राहिला.

"उद्या कोण चावेल?"

सिनीचं हसू जागीच राहिलं. "मी येईन की. शनिवारी."

"मासे काय शनिवार बघून येतात, पोरी?"

एर्टीने दोर काठीला गुंडाळला आणि टोपली घेऊन रॅस्मीच्या कपारीपर्यंत गेला. निम्मे मासे त्याच्या पायाशी ओतले.

"हे कशाला रे?"

"खा. मी चाललो पोरीबरोबर लर्विकला. उद्यापासून माझ्या बैठकीवर तू बस. तुझ्या जागेपेक्षा बरी आहे."

रॅस्मीने टोपी काढली, पुन्हा घातली. "तुझ्या घराची आहे ती. मी नाही बसायचा. राहू दे रिकामी."

"रिकामी कशाला?" एर्टी एकदम ओरडला. "शेवाळ धरेल! बस म्हणतो ना, गाढवा!" शेवटच्या शब्दावर त्याचा आवाज चिरकला. रॅस्मी खाली माशांकडे बघू लागला.

वर चढताना सिनीने वडिलांचा कोपर धरला. त्याने धरू दिला.