पाच फूट पाच

माझी उंची पाच फूट आठ इंच. बायोडेटात मात्र ती पाच-पाच होती. वडील सिल्वासाच्या सरकारी कचेरीत कारकून. फायलीतली वेलांटीसुद्धा त्यांनी कधी इकडची तिकडे केली नाही, पण पोटच्या मुलीचे तीन इंच बिनदिक्कत गिळले. आमच्या कोकणातल्या नातेवाइकांत मुलीची उंची म्हणजे आजारच, आणि त्यावर औषध नाही. मी शिक्षिका होते. कपाटावरचे नकाशे काढायला शाळेत सगळे मलाच हाक मारायचे, पण लग्नाच्या बाजारात या गुणाला विचारतो कोण!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जवळच्याच गलोंडा गावातल्या सुताच्या कारखान्यातला एक सुपरवायझर आईला घेऊन मला बघायला आला. मूळचा धुळ्याकडचा. त्याच्याही बायोडेटात पाच-पाच. कागदावर आम्ही अगदी तोलामोलाचे होतो. दारात त्याने जाड टाचांचे बूट काढले आणि दोन इंच बाहेर ठेवून आत आला. मला हसू फुटलं. ते बघून तोही हसला. खरं सांगते, तिथेच मला तो आवडला.

"मुलांना मारता का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग गप्प कशी बसतात?"

"मी नुसती उभी राहते."

आईने मला डोळ्यांनीच दटावलं.

चहापाणी झालं तशी त्याची आई म्हणाली, "जरा दोघं शेजारी उभे ऱ्हा बरं." याची तालीम माझ्या आईने आठवडाभर करून घेतली होती. साडीच्या आत गुडघे वाकवायचे, चेहरा हसरा ठेवायचा. मी वाकले. शेजारी तो मोजे घातलेल्या चवड्यांवर उभा होता, किंचित डुलत. त्याच्या आईने आमच्या डोक्यांकडे पाहिलंच नाही. ती खाली बघत होती.

"नीट उभी ऱ्हाय वं बेटा. साडी पुरी जमिनीवर लोळून ऱ्हायली."

मी सरळ झाले. त्याच्या टाचा खाली टेकल्या. मला वरून त्याचा भांग दिसायला लागला.

"मला चालेल," मान वर करून, सगळ्यांसमोर तो म्हणाला. "तुम्हाला?"

अशा वेळी मुलीने बोलायचं नसतं. मी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पंख्याकडे.

आठवड्याने त्यांच्याकडून पोस्टकार्ड आलं: पत्रिका जुळत नाही. आम्ही पत्रिका दिलीच नव्हती.

आमच्या शाळेतली शिपाईण सुरंगी गावची, वारली जमातीची. हेडमास्तरांनाही अरे-तुरे करायची. तिचा नवरा तिच्या खांद्याला लागायचा, आणि हे मी बोलून दाखवेपर्यंत तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिला मी सगळं सांगितलं, गुडघ्यांसकट. ती पोट धरधरून हसली. मग म्हणाली, "तुला आवडलेला का तो?"

घरात हे कोणी विचारलंच नव्हतं. "हो," मी म्हणाले.

"मंग त्याला सांगलंस का?"

नव्हतं सांगितलं. त्याने तर भर बैठकीत विचारलं होतं. वर्गात माझं नुसतं उभं राहून भागायचं. त्या दिवशीही मी नुसती उभीच राहिले.